मूत्रपिंडाचा आखडता हात

युरिक ॲसिड वाढलं की आपल्याकडे पहिला संशय ताटावर. लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट हातात पडतो, माणूस आकडा बघतो, आकड्याशेजारचा ठळक 'एच' (म्हणजे 'हाय', जास्त) बघतो आणि कुणी विचारलेलं नसताना कबुलीजबाब सुरू होतो. "पुतण्याचं लग्न होतं हो मागच्या आठवड्यात." "हल्ली बांगडा जरा जास्तच झाला." "डाळीशिवाय घास उतरत नाही, काय करू?" बायको सोबत असेल तर बोलायलाच नको, सगळं आरोपपत्र तीच वाचून दाखवते. मी चिपळूणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. बायोकेमिस्ट्रीची बाजू माझ्याकडे. आकडे काढून देणं माझं काम, त्यांचं पुढे काय करायचं ते डॉक्टरांनी बघायचं. पण काउंटरच्या आतल्या बाजूने हे सगळं ऐकताना वाटतं, खरी चौकशी व्हायला हवी ती मूत्रपिंडाची, आणि त्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही.

चातुर्मासात ज्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही अशा आजोबांचा आकडा 8.6 येतो आणि दोन्ही वेळा मासळी खाणाऱ्या खलाशाचा 5.2. यात नवल काही नाही, आठवड्यातून एखादा तरी असा जोड समोर येतोच. शरीरात रोज तयार होणाऱ्या युरिक ॲसिडपैकी साधारण दोन तृतीयांश आपल्या स्वतःच्याच पेशींच्या मोडतोडीतून येतं. जुन्या पेशी मरतात, त्यांच्या डीएनए-आरएनएमधलं आणि एटीपी या ऊर्जा वाहणाऱ्या रेणूमधलं प्युरिन नावाचं द्रव्य सुटं होतं, आणि मुख्यतः यकृतात झँथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम त्याचं शेवटी युरिक ॲसिड करून टाकतं. उपाशी बसलात तरी हे चालूच राहतं. ताटातून येतो तो उरलेला तिसरा हिस्सा. आणि ज्यांना खरोखर गाउट होतो, म्हणजे रात्री-अपरात्री पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजतो आणि त्यावर चादरसुद्धा सोसवत नाही, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या शरीरात हे ॲसिड फार जास्त बनतं असं नसतंच. ते पुरेसं बाहेर पडत नाही. मूत्रपिंड हात आखडता घेतं.

हा आखडता हात किती आखडता, ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे एक बारीक गाळणी आणि तिला जोडलेली नलिका. निरोगी माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांत मिळून दिवसाला जवळजवळ 180 लिटर द्रव गाळला जातो. रक्तात डेसिलिटरला 5 मिलिग्रॅम युरिक ॲसिड आहे असं धरलं, तर दिवसभरात गाळणीतून नलिकेत उतरलेलं युरिक ॲसिड होतं 9 ग्रॅम. लघवीतून प्रत्यक्ष बाहेर पडतं अर्धा ते पाऊण ग्रॅम. बाकीचं सगळं नलिकेच्या अगदी सुरुवातीच्या, वळणावळणाच्या भागातच उचलून रक्तात परत टाकलं जातं. साखर पूर्ण परत घेतली जाते ते समजतं, ती कामाची. स्नायूंतून येणारं क्रिएटिनिन अजिबात परत घेतलं जात नाही तेही समजतं, त्याचा काही उपयोग नाही. युरियाचा मोठा भाग मूत्रपिंड जाऊ देतं. आणि युरिक ॲसिड, ज्याला शाळेच्या पुस्तकापासून आपण 'टाकाऊ पदार्थ' म्हणत आलो, त्याचे दहातले नऊ भाग परत! टाकाऊ गोष्ट इतक्या हौसेने कुणी घरात परत घेत नाही.

बरं, हे परत घेणं आपोआप होत नाही. पेशीच्या पटलातून युरेट सहजी पार होत नाही (रक्तात युरिक ॲसिड बहुतेक सगळं युरेटच्या रूपातच असतं). त्याला नेणारी वाहक प्रथिनं लागतात, आणि नलिकेच्या भिंतीतल्या पेशींनी ती मुद्दाम बसवलेली आहेत. काही युरेट परत आत घेतात. काही उलट रक्तातलं युरेट उचलून नलिकेत टाकतात. दोन्ही कामं एकाच पट्ट्यात, एकाच वेळी चालू असतात, आणि लघवीत उतरतो तो या देवाणघेवाणीचा शेवटचा फरक. हा फरक थोडा जरी इकडचा तिकडे झाला तरी रक्तातला आकडा हलतो.

शरीर याला एवढं का जपतं, याचं एक टोक आमच्या लॅबच्या फ्रिजमध्ये आहे. युरिक ॲसिड मोजायच्या रिएजंटच्या, म्हणजे तपासणीच्या रसायनाच्या, बाटलीत युरिकेज नावाचं एन्झाइम असतं. थेंबभर सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी), एक मिलिलिटर रिएजंट, 37 अंशांवर पाच मिनिटं. युरिकेज युरिक ॲसिड मोडतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, त्यावर दुसरं एन्झाइम काम करतं आणि नळीतलं पाण्यासारखं मिश्रण हळूहळू गुलाबी-जांभळं होत जातं. जितका रंग गडद तितका आकडा मोठा. गंमत अशी की हे युरिकेज उंदराकडे आहे, मांजराकडे आहे, गाईकडे आहे. आपल्याकडे नाही. त्याचं जनुक आपल्या पेशींत आजही आहे, पण मोडकं, निकामी. माणूस आणि त्याचे जवळचे वानरबंधू यांच्या पूर्वजांत, दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, ते बंद पडलं. बाकीचे प्राणी युरिक ॲसिड पुढे मोडून सहज विरघळणारं ॲलन्टॉइन करतात आणि मोकळे होतात. आपण एक पायरी आधीच थांबतो. जे एन्झाइम आपण गमावलं तेच कंपनीकडून बाटलीत विकत घेऊन आपल्यात किती साठलंय ते मोजायचं, हे मला अजूनही रोजच्या कामातलं सगळ्यात मजेशीर वाटतं.

तेच एन्झाइम रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना इंजेक्शनमधूनही देतात, रासब्युरिकेज म्हणून. उपचाराने एकदम असंख्य पेशी फुटतात आणि युरिक ॲसिडचा लोंढा मूत्रपिंडावर येतो, तेव्हा. अशा रुग्णाचं सॅम्पल आधीच गार केलेल्या ट्यूबमध्ये घ्यायचं आणि बर्फात ठेवूनच आणायचं, असा नियम आहे. कारण ट्यूब नुसती खोलीत राहिली तर त्या रक्तातलं एन्झाइम तिथेही युरिक ॲसिड खात बसतं, आणि आकडा खोटा, कमी येतो. वॉर्डातून नवा मुलगा सॅम्पल शर्टाच्या खिशात घालून आला की आमच्याकडे आरडाओरडा होतो तो याचसाठी.

युरिकेज गेल्याने आपलं काही भलं झालं का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. 1981 मध्ये ब्रूस एम्स आणि सहकाऱ्यांनी मांडलं की युरेट हा रक्तातला एक दांडगा अँटिऑक्सिडंट आहे, माणसाला क जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही त्याची थोडी भरपाई तो करत असावा. काही जण मिठाच्या तुटवड्याच्या काळात रक्तदाब टिकवण्याशी त्याचं नातं लावतात. मला यात पैज लावायची नाही. पण उलट्या बाजूचा एक पुरावा जपानमधून येतो आणि तो विसरता येत नाही. तिथे काही माणसांच्या रक्तात युरिक ॲसिड डेसिलिटरला 1 मिलिग्रॅमच्याही खाली असतं, कारण त्यांच्या मूत्रपिंडातला परत घेणारा मुख्य वाहक जन्मतःच बिघडलेला असतो. एरवी त्यांना काही त्रास नसतो. पण जोराने धावले, शर्यतीत पळाले, की काही तासांनी कमरेत कळा आणि मूत्रपिंड तात्पुरतं बंद पडतं. आकडा जितका कमी तितका चांगला, असं समजणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

आता मूत्रपिंडावर पहिला संशय कुणी घेतला ते. 1848 मध्ये लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड बॅरिंग गॅरड यांनी गाउटच्या रुग्णाच्या रक्तात युरिक ॲसिड असतं हे दाखवून दिलं. पुढे त्यांनी त्याची जी सोपी परीक्षा बसवली तिला ना यंत्र लागायचं ना एन्झाइम. पसरट काचेच्या बशीत रुग्णाचं सीरम घ्यायचं, थोडं ॲसेटिक ॲसिड घालायचं, त्यात सुताचा एक बारीक धागा सोडायचा आणि बशी दीड-दोन दिवस तशीच राहू द्यायची. युरिक ॲसिड जास्त असेल तर धाग्यावर स्फटिक धरतात, दोऱ्यावर खडीसाखर धरते तसे. ही उपमा गॅरड यांचीच. त्याच माणसाने असंही म्हणून ठेवलं की रक्तात हे साठतं त्याला मूत्रपिंडाची टाकण्याची ताकद कमी पडणं कारणीभूत असावं. पावणेदोनशे वर्षं झाली. लंडनच्या डॉक्टरला धाग्यावरून जे कळलं ते आमच्या काउंटरपर्यंत अजून पोहोचायचं आहे.

ते का पोहोचायला हवं, हे मला आमच्या धाकट्या काकांच्या आजारपणात फार जवळून बघायला मिळालं.

काकांना क्षय झाला. सरकारी दवाखान्यातून उपचार सुरू झाले. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. खोकला कमी झाला, ताप उतरला, सगळे सुस्कारा टाकतात न टाकतात तोच खांदे आणि बोटांचे सांधे दुखायला लागले. शर्टाची बटणं लावता येईनात. शेजारच्या कुणी तरी सुचवलं म्हणून युरिक ॲसिड केलं, ते निघालं 11.3. झालं. काकूने त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात मोहीम काढली. डाळ बंद, अंडी बंद, मासे तर बंदच, सुकटीचा डबा माळ्यावर, शेंगदाण्याची चटणीसुद्धा गेली. काकांचं वजन तेव्हा 43 किलो. क्षयाच्या रुग्णाला अंगावर मांस धरायला प्रथिनं लागतात, म्हणून सरकार निक्षय पोषण योजनेतून दरमहा पैसे देतं. आधी 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. आणि आमच्या घरात त्याच रुग्णापुढे दुधीची भाजी आणि पेज. मी गेले तेव्हा काका पडवीत बसले होते. म्हणाले, "बाय, अंडं तरी खाऊ दे गो. का तेही त्या ॲसिडात गेलं?"

अंड्यात प्युरिन जवळजवळ नसतंच. पण मुद्दा अंड्याचा नव्हता. काकांचा आकडा ताटातून वाढलाच नव्हता, तो गोळीने वाढवला होता. पायराझिनामाइडपासून शरीरात पायराझिनोइक ॲसिड तयार होतं, आणि ते मूत्रपिंडाला युरेट घट्ट धरायला लावतं. त्या औषधावर असलेल्या बहुतेकांचं युरिक ॲसिड वाढतंच; काहींचे सांधे दुखतात. डॉक्टरांनी काकूला शांतपणे समजावलं, दुखण्यावर साधी गोळी दिली, क्षयाचं औषध थांबवायचं नाही असं दोनदा बजावलं आणि अंडी, डाळ, मासे परत सुरू करायला सांगितले. दोन महिने झाले, पायराझिनामाइडचा भाग संपला, आणि नंतरच्या तपासणीत आकडा साडेपाचावर. मधल्या काळात काकांनी बांगड्यांचा अनुशेष पुरा भरून काढला होता.

पण या एका गोळीची गोष्ट इथे संपत नाही. मूत्रपिंड युरेटचं काय करतं हे समजून घ्यायचा अर्धा इतिहास याच पायराझिनामाइडच्या भोवती फिरतो. 1960 च्या दशकात संशोधक हे औषध देऊन बघत. ते घेतल्यावर लघवीतलं युरेट जवळजवळ शून्यावर यायचं. त्यांनी तर्क केला: हे औषध नलिकेत युरेट टाकण्याची क्रिया बंद पाडत असणार. म्हणजेच लघवीत जे युरेट दिसतं ते गाळून आलेलं नसणार. गाळलेलं सगळं आधीच परत जात असणार, आणि दिसतं ते नंतर टाकलेलं. यातून चार पायऱ्यांची आकृती तयार झाली: गाळणं, परत घेणं, पुन्हा टाकणं, पुन्हा थोडं परत घेणं. मी एम.एस्सी.ला असताना हीच आकृती बाणांसकट पाठ केली होती. बाण इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि परीक्षेत कुठला बाण किती टक्क्यांचा यावर गुण.

2002 मध्ये तोक्योच्या क्योरिन विद्यापीठातल्या हितोशी एन्दो यांच्या गटाने परत घेणारा तो मुख्य वाहक शोधून काढला. नाव ठेवलं 'युरॅट-1'. माणसाच्या जनुकसंचात ओळखीच्या वाहकांशी साम्य असलेलं जनुक हुडकायचं, ते बेडकाच्या अंड्यात घालायचं आणि अंडं युरेट आत ओढतं का ते मोजायचं, अशी त्यांची रीत. अंड्याने ओढलं. मग कमी युरिक ॲसिडवाल्या जपानी रुग्णांत हेच जनुक बिघडलेलं सापडलं. त्यांतल्या एकाही माणसाला आपल्या आजाराने पाठ्यपुस्तकातली आकृती बदलावी लागेल असं वाटलं नसणार.

युरॅट-1 काम करतं ते अदलाबदलीवर. नलिकेतला एक युरेट पेशीत घ्यायचा तर पेशीतला दुसरा एखादा ॲसिडचा आयन (विद्युतभार असलेला कण) नलिकेत सोडायचा. पेशीत हे बदलीचे आयन जितके जास्त, तितकं युरेट आत येणार. आणि आत आलं की पेशीच्या दुसऱ्या अंगाला असलेला ग्लट-9 नावाचा वाहक ते रक्तात उतरवतो. पायराझिनोइक ॲसिड हा असाच एक बदलीचा आयन. तो पेशीत साठतो आणि युरॅट-1 ला जोर चढतो. म्हणजे पायराझिनामाइडने लघवीतलं युरेट नाहीसं व्हायचं ते टाकणं थांबल्यामुळे नव्हे, तर परत घेणं वाढल्यामुळे, असा उलगडा झाला. निरीक्षण तेच, अर्थ उलटा. चार पायऱ्यांची आकृती अजूनही काही पुस्तकांत छापली जाते, पण तिच्या पायाचा दगड हलला आहे.

हे एकदा ध्यानात आलं की इतर बऱ्याच गाठी सुटतात. दारूने युरिक ॲसिड वाढतं, त्याचं एक कारण हेच: दारू पचवताना रक्तात लॅक्टेट वाढतं, आणि लॅक्टेट हाही बदलीचा आयन आहे. (बिअरमध्ये वर प्युरिनही असतं, त्यामुळे बिअर दोन्हीकडून मारते.) कडक उपासात शरीर चरबी जाळायला लागतं, कीटोन तयार होतात; तेही तसलेच. म्हणून निर्जळी एकादशी, नवरात्रातले नऊ दिवस नुसत्या पाण्यावर, किंवा हल्लीचं झटपट वजन उतरवणारं कीटो डाएट, यांत युरिक ॲसिड वर जातं. 'ॲसिड वाढलंय म्हणून जेवण अर्ध्यावर आणलं' असं अभिमानाने सांगणाऱ्या माणसाचा पुढचा रिपोर्ट आधीपेक्षा वाईट येतो तेव्हा तो लॅबवर संशय घेतो. त्यात पाणीही कमी प्यायलेलं असतं. शरीरात पाणी कमी झालं की नलिका मीठ-पाण्याबरोबर युरेटही जास्त ओढून घेते. वजन हळूहळू उतरवलं तर मात्र आकडा खरोखर खाली येतो, कारण इन्शुलिनचा जोर कमी होतो. इन्शुलिन जास्त असलं की मूत्रपिंड युरेट धरून ठेवतं. मधुमेह, पोटाचा घेर आणि युरिक ॲसिड एकाच माणसाच्या रिपोर्टवर एकत्र दिसतात ते उगीच नाही.

बायकांत पाळी चालू असेपर्यंत आकडा कमी असतो, कारण इस्ट्रोजेनच्या असण्याने मूत्रपिंड युरेट थोडं मोकळेपणाने सोडतं. पाळी गेली की सोडणं कमी होतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदा 'एच' दिसलेल्या बाईला घरचे 'तुझं चमचमीत खाणं' म्हणून टोमणा मारतात तेव्हा मी न राहवून मध्ये बोलते. काउंटरवर बसणाऱ्याने मध्ये बोलू नये हे मला माहीत आहे.

औषधांच्या बाजूने बघितलं तर या वाहकांची कहाणी पेनिसिलिनपासून सुरू करावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन सोन्याहून दुर्मीळ होतं, आणि मूत्रपिंड ते काही तासांतच लघवीतून फेकून द्यायचं. 1941 मध्ये ऑक्सफर्डला ज्या पोलिसावर ते प्रथम वापरलं, त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचलं गेलं. तरी साठा संपला आणि तो माणूस वाचला नाही. मग मूत्रपिंडाने पेनिसिलिन टाकू नये असं काही मिळतं का, याचा शोध सुरू झाला. त्यातून अमेरिकेत कार्ल बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोबेनेसिड तयार केलं. ते पेनिसिलिनचं टाकणं अडवायचं, पण त्याच वेळी युरेटचं परत घेणंही अडवायचं. पेनिसिलिन पुढे स्वस्त झालं आणि प्रोबेनेसिड गाउटचं औषध म्हणून उरलं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये अलेक्झांडर गटमन आणि शांघायला जन्मलेल्या त्साय-फान यू या डॉक्टरबाईंनी ते गाउटच्या रुग्णांत वर्षानुवर्षं वापरून त्याचा हिशेब मांडला.

साध्या ॲस्पिरिनचाही या वाहकांशी संबंध आहे, आणि तो दुतोंडी. हृदयासाठी रोज देतात तेवढ्या थोड्या मात्रेत ते युरिक ॲसिड जरासं वाढवतं. भरपूर मात्रेत उलट कमी करतं. रक्तदाबाच्या थायाझाइड गोळ्या वाढवतात. त्याच रक्तदाबाची लोसार्टन कमी करते. हे वाचून कुणी आपली गोळी बंद करू नये, पण डॉक्टरांपुढे गोळ्यांची पूर्ण यादी मात्र ठेवावी. आमच्याकडे यादी सांगताना लोक हमखास बीपीची गोळी विसरतात. "ती काय, रोजचीच आहे."

सगळं युरेट मूत्रपिंडातूनच जातं असंही नाही. सुमारे तिसरा भाग आतड्यातून जातो आणि तिथले जिवाणू तो मोडून टाकतात. आतड्यात आणि मूत्रपिंडात दोन्हीकडे एबीसीजी-2 नावाचा एक टाकणारा वाहक आहे. त्याच्या जनुकात एक छोटा बदल असलेल्यांचं टाकणं मंदावतं, आणि हा बदल आशियातल्या लोकांत बराच आढळतो. बाप, काका, भाऊ सगळ्यांना गाउट आणि आपण मात्र दोष द्यायचा घरच्या मटणाच्या रश्श्याला.

मुतखड्याचा हिशेब थोडा निराळा. तिथे किती टाकलं यापेक्षा कशात टाकलं हे महत्त्वाचं. लघवीचा पीएच साडेपाचाच्या खाली गेला की युरिक ॲसिड विरघळलेलं राहत नाही. लघवीचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली घेतला की पिवळसर, तिरक्या चौकोनी पाकळ्या दिसतात, काही एकमेकांवर रचलेल्या. त्याच काचेवर अल्कलीचा थेंब सोडला की बघता बघता विरून जातात. या खड्याचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे तो साध्या एक्स-रेवर दिसत नाही, आणि तिसरं म्हणजे लघवी अल्कलाइन करणाऱ्या औषधाने तो खरोखर विरघळू शकतो. मधुमेहींना हा खडा जास्त होतो, कारण त्यांची लघवी आम्लाकडे झुकलेली असते.

आणि आता ती मोबाइलवर फिरणारी यादी. पालक, फ्लॉवर, मटार, मशरूम, तूरडाळ, राजमा, टोमॅटो, सगळ्यावर फुली. 2004 मध्ये अमेरिकेतल्या हजारो पुरुषांचा बारा वर्षं पाठपुरावा करून निघालेला निष्कर्ष असा होता की मांस आणि समुद्री मासळी जास्त खाणाऱ्यांत गाउट वाढतो, दूध-दुभतं खाणाऱ्यांत कमी होतो, आणि प्युरिन असलेल्या भाज्या-कडधान्यांचा काही वाईट परिणाम दिसत नाही. म्हणजे जेवणाबरोबरचं ताक बरं, आणि पालकाची भाजी निरपराध. तारली, मांदेली, कलेजी यांना आवर घालायला हवा हे खरं. माझ्या कोकणी जिवाला ते लिहायला जड जातंय. पण कितीही कडक पथ्य पाळलं तरी आकडा साधारण एखाद्या मिलिग्रॅमनेच उतरतो. ज्याचा 9 आहे तो पथ्याने 6 वर येत नाही. मग त्याला वाटतं आपलाच ताबा सुटतोय, आणि तो आणखी एक पदार्थ सोडतो.

आपल्याकडे गाउटला दिली जाणारी औषधं, ॲलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट, ही युरिक ॲसिड बनणं कमी करतात. बिघाड टाकण्यात आणि इलाज बनण्यावर, हे विचित्र वाटेल. पण आवक कमी केली तरी रक्तातला आकडा उतरतोच, आणि लघवीत एकदम जास्त युरेट ओतून खडा होण्याची भीती राहत नाही. युरॅट-1 ला अडवणारी नवी औषधंही आहेत. जपानने 2020 मध्ये डोटिन्युरॅडला परवानगी दिली. त्याच वर्षी दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: मूत्रपिंड आधीच कमकुवत असलेल्यांना किंवा होऊ घातलेल्यांना, गाउट नसताना, फक्त आकडा उतरवायला ॲलोप्युरिनॉल दिलं तर मूत्रपिंड वाचतं का? आकडा उतरला, मूत्रपिंडाची घसरण तशीच राहिली. तरीही नुसत्या 7.3 वर, सांधा दुखत नसताना, वर्षानुवर्षं गोळी घेणारी माणसं मला दर महिन्याला दिसतात.

दोष टाकण्यात आहे का, हे कळायला फार खर्च लागत नाही. एकाच वेळी घेतलेलं रक्त आणि लघवी, दोन्हींत युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन. चार आकडे आणि एक गुणाकार-भागाकार. गाळलेल्यातलं किती टक्के युरेट बाहेर पडलं ते लगेच निघतं. साडेपाच टक्क्यांच्या आत असलं की मूत्रपिंड हात आखडतं आहे असं धरतात. मोठमोठ्या 'फुल बॉडी' पॅकेजांत युरिक ॲसिड असतं, हे गणित नसतं, आणि कुणी मागतही नाही.

मागे एका डॉक्टरांनी मागितलं. निवृत्त शिक्षक, शुद्ध शाकाहारी, अंगठा तीनदा सुजून गेलेला, डाळ-उसळ सोडून वर्ष झालेलं. रक्तात युरिक ॲसिड 8.2, क्रिएटिनिन 1.0, लघवीत 30 आणि 90. उत्तर आलं 4 टक्के. डॉक्टरांनी त्यांची रक्तदाबाची थायाझाइड बदलून लोसार्टन दिली, आणि गाउटसाठी ॲलोप्युरिनॉल थोड्या मात्रेपासून सुरू केलं. पुढच्या तपासणीला गुरुजी आले ते बाईंना घेऊनच. आकडा 5.8. मी कागद सरकवला तसा बाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला, चष्मा वर करून नीट वाचला आणि मला विचारलं, "मग मसुराची उसळ केली तर चालेल ना आता? यांनी वर्षभर नुसता पडवळ खायला घातलाय मला."